कांदा पडायच्या आधीचं पाणी

नोकरीत होतो तोवर लोक मला बैलाच्या खांद्यासाठी, म्हशीच्या कासेसाठी नाहीतर शेळीच्या पोटफुगीसाठी हाक मारायचे. कुत्र्यासाठी कुणी रात्री उठवल्याचं आठवत नाही; पिसाळलेलं असलं तरच काय ते. पशुधन पर्यवेक्षकाची ती नोकरी संपवून किल्लारीत घरी बसलो, आणि आता दारात येणाऱ्यांतले निम्मे लोक कुत्र्याचं काहीतरी घेऊन येतात. उन्हाळा लागला की तर एकच पालुपद: “तात्या, कुत्रं खाईना गेलंय. मटणाचा शेरवा घालून दिऊ का?”

माझं उत्तर ठरलेलं आहे. द्या की. पण तुमच्या पातेल्यातला देऊ नका. कांदा पडायच्या आधी वेगळा काढलेला द्या. आणि शेरव्यानं त्याचं पोट भरलं असं धरून चालू नका. शेरवा भाकरी भिजवायला आहे, भाकरीच्या जागी नाही.

एवढ्यावर माणूस उठून जात नाही. “आमचं कुत्रं तर लहानपणापासून सगळं खातंय, त्याला काय झालं नाही,” म्हणत तो ओट्यावर टेकतो. मग मलाही बसावं लागतं.

खरं म्हणजे कुत्र्यानं काय खावं हा आमच्याकडं विचाराचा विषयच नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाआधीचं किल्लारी म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि एकाला एक चिकटलेली घरं. कुत्रं असायचं ते गल्लीचं. चार घरच्या शिळ्या भाकरीवर, उकिरड्यावर, खाटकाच्या दारात पडलेल्या तुकड्यांवर त्याचं भागायचं. ते काय खाऊन मेलं हे कुणी बघितलं नाही, म्हणून ‘सगळं खातंय, काही होत नाही’ ही समजूत टिकली. पुनर्वसनात घराभोवती मोकळी जागा आली, कंपाउंड आलं, फाटक आलं. हळूहळू कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आला आणि ते एका घराचं झालं. आता पोरं पुण्या-हैदराबादला नोकरीला असतात आणि सुट्टीला येताना गाडीत मागच्या सीटवर लॅब्राडोर बसवून आणतात. मोकळं कुत्रं नको असलेलं सोडून देतं, दुसऱ्या दारात जातं. बांधलेल्याला तशी सोय नाही. ताटलीत पडेल ते त्याला खावं लागतं.

भाकरीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर, ताकात नाहीतर दुधात कुस्करून, वाढली. आपल्या लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पायाची, अरुंद तोंडाची, वाऱ्यासारखी पळणारी ही जात. तीही भाकरीवरचीच. कुत्र्याला धान्य कसं पचतं याचा उलगडा 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात केला. पिठूळ अन्न पचवणारा अमायलेज नावाचा पाचक रस ज्या जनुकामुळं तयार होतो, त्याच्या लांडग्याच्या अंगात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. माणसाच्या सोबतीनं राहून, त्याच्या खरकट्यावर जगून कुत्र्याच्या शरीरानं हा बदल करून घेतला. तेव्हा ‘कुत्रं म्हणजे मांसाहारी प्राणी, त्याला भाकरी म्हणजे अन्याय’ असं कुणी मोबाइलवर बघून सांगितलं, तर मनावर घेऊ नका. भाकरीत प्रथिनं कमी पडतात, ती अंड्यानं, मांसानं, वरणानं भरून काढायची, इतकाच मुद्दा.

भाकरीची खरी अडचण म्हणजे ती कोरडी असते. पाकिटातलं कुत्र्याचं खाद्य तर त्याहून कोरडं. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. साधारण 10 किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा लीटर ते 600 मिली पाणी लागतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, त्याहून जास्त. माणसासारखा घाम त्याला येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, आणि त्या धापांतून पाणी जात राहतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, त्या जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याचं मोल सांगायची गरज नाही. पण तोच माणूस कुत्र्याचं भांडं सकाळी एकदा भरून उन्हात ठेवतो. दुपारी त्यात हात घालून बघा, चटका बसतो. असलं पाणी कुत्रं पीत नाही. पाणी कमी झालं की अन्नावरची वासना जाते. शेरव्याचा उपयोग आहे तो इथं. वासानं कुत्रं भांड्याकडं येतं, आणि भाकरीबरोबर वाटीभर पाणी नकळत पोटात जातं. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्याला भाकरी मऊ मिळते. आजारातून उठलेल्याच्या तोंडाला चव येते. माझ्या लेखी शेरव्याचं मोठेपण इथपर्यंतच.

लोकांना मात्र तो औषध वाटतो. पाय मोडून प्लास्टर घातलेल्या माणसाला आपण पायाचं सूप पाजतो, तशी कुत्र्याची हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्यालाही हाडांचं पाणी पाजावं, असा हिशेब. हाडातला चुना पाण्यात उतरतो आणि पाण्यातून परत हाडात जातो, अशी कल्पना. ही कल्पना फार जुनी आहे आणि तिची परीक्षाही फार पूर्वी झालेली आहे, तीही कुत्र्यांवरच.

आपल्या ओट्यावरचा प्रेशर कुकर मुळात हाडांसाठी जन्मला, हे कितीजणांना माहीत असेल? देनी पापँ हा फ्रेंच माणूस लंडनमध्ये काम करत होता. घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडली की कडक हाडंसुद्धा मऊ होतात, हे त्यानं 1679 साली तिथल्या रॉयल सोसायटीपुढं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं झाकणाला झडपही बसवली. आपली शिट्टी त्या झडपेची वंशज. फेकून द्यायच्या हाडांतून गरिबांसाठी अन्न काढता येईल, असा त्याचा विचार होता. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हाच विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. वाफेनं हाडांतलं जिलेटिन काढायचं आणि त्याचं सूप दवाखान्यांत नि गरिबांना वाटायचं. स्वस्तात पौष्टिक अन्न मिळालं म्हणून कौतुक झालं. पण खाणारे कुरकुर करू लागले. वाद वाढला तेव्हा फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं समिती नेमली, आणि फ्रान्स्वा माजंदी या शरीरशास्त्रज्ञानं 1841 साली तिचा अहवाल मांडला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत गेली आणि मेली. समोर भरलेलं भांडं असून उपासमारीनं मेली.

असं का झालं, ते कळायला आणखी साठ वर्षं लागली. शरीराला लागणारी काही अमिनो आम्लं बाहेरून अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतलं ट्रिप्टोफॅन 1901 साली इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी वेगळं काढलं, आणि जिलेटिनमध्ये नेमकं तेच नाही. चुन्याचं म्हणाल, तर तो हाडात घट्ट बसलेला असतो. तासन्‌तास उकळलं तरी पाण्यात फार थोडा येतो. त्या कुत्र्यांनी जिवाची किंमत मोजून दिलेलं हे ज्ञान पावणेदोनशे वर्षं जुनं आहे, आणि तरी आज चकचकीत बाटलीत ‘संपूर्ण पोषण’ म्हणून हाडांचं पाणी विकलं जातं, याचं मला नवल वाटतं. पिल्लाला नुसत्या शेरव्यावर ठेवाल तर ते फुगल्यासारखं दिसेल आणि आतून पोकळ होईल.

आता कांदा. इथं मला जरा जास्त बोलू द्या.

आपल्याकडं मटण करायची रीत ठरलेली आहे. आधी तेलात कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ. त्यात मटण परतून पाणी घालायचं आणि शिजवायचं. तिखट पडायच्या आधी वाटीभर अळणी पाणी काढून ठेवायचं, ते लहान पोरांना, म्हाताऱ्यांना आणि हल्ली कुत्र्यालाही. “तिखट नाही त्यात, अळणीच दिलंय,” असं मला पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. तिखटानं कुत्र्याचं पोट बिघडेल, जुलाब होतील, दोन दिवसांत बरं वाटेल. खरा वैरी त्या अळणी पाण्यात आधीच उतरलेला असतो.

कांदा-लसणात गंधकाची जी द्रव्यं असतात, ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गाठी बनतात, आणि अशा पेशी शरीर स्वतःच मोडून टाकायला लागतं. रक्त कमी होतं. शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही. रश्शात कांदा दिसत नसला तरी त्याचा अर्क पाण्यात असतोच. वजनाच्या किलोमागं 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर दिसण्याजोगा परिणाम होतो, असं पशुवैद्यकातले जाणकार सांगतात. पाच किलोच्या पॉमेरियनला म्हणजे एक मध्यम कांदा पुरला. वाळवलेला कांदा नि कांद्याची पावडर त्याहून जहाल, कारण पाणी उडून गेल्यानं चमचाभर पावडरीत बराच कांदा मावतो. लसूण तर वजनास वजन कांद्यापेक्षाही तेज. गोचीड लागू नये म्हणून कुत्र्याला रोज लसणाची पाकळी चारणारे भेटतात. गोचीड तशीच राहते, रक्त तेवढं जातं.

फसवणारी गोष्ट अशी की त्याच दिवशी काही होत नाही. तीन-चार दिवस जातात. एका घरी कंदुरी झाली होती. पाहुणे गेले, उरलेला रस्सा आटवून आटवून रोज कुत्र्याच्या भाकरीवर पडत होता. मला बोलावलं तेव्हा कुत्रं भिंतीला टेकून बसलेलं होतं, उठायला सांगितलं तर दोन पावलं टाकून धापायला लागलं. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. ज्या गुलाबी असायच्या त्या धुतलेल्या कापडासारख्या पांढऱ्या. मालक म्हणाला, “मुतायला गेलं तर काळ्या चहासारखं होलालंय.” अंगावर गोचीडही होत्या, त्यामुळं घरच्यांचा सगळा संशय गोचीड-तापावर. तो संशय चूक नव्हता. गोचीड-तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि आमच्या भागात तो फार. म्हणूनच सांगतो, कुत्र्याला काय चारलं ते डॉक्टरांपासून लपवू नका. रक्ताची तपासणी करणाऱ्याला कांद्याची गोष्ट माहीत असली तर तो त्या पेशींतल्या गाठी शोधतो. नसली तर नुसताच गोचीड-तापाचा इलाज चालू राहतो. त्या कुत्र्याला लातूरला नेलं, ते वाचलं. सगळी वाचत नाहीत.

कांद्यामागोमाग चिंचेचंही बोललं पाहिजे, आणि ते बोलायला मला जड जातं. आमच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं; चिंचेशिवाय आमची आमटी होत नाही. पण द्राक्षं नि बेदाणे खाऊन कुत्र्याची किडनी का जाते हे शोधताना अमेरिकेतल्या पशुवैद्यकांना चिंचेचा पत्ता लागला. 2022 साली त्यांनी मांडलं की द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हेच बहुधा त्याचं कारण, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच मूत्रपिंडाचा बिघाड आढळला, आणि चिंचेतही ते आम्ल भरपूर असतं. किती चिंच केवढ्या कुत्र्याला बाधते याचा नेमका आकडा ठरलेला नाही, म्हणून मी आमटीचा थेंबही कुत्र्याला देऊ देत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जाताना कुत्रं बैलगाडीच्या, आता ट्रॅक्टरच्या, मागं येतंच. त्याला ज्वारीचा उंडा द्या, गूळ कमी घातलेली खीर चाटवा. भज्जी नि लसूण घातलेली आंबील आपल्यापुरती ठेवा.

मिठाबद्दल थोडक्यात. कुत्र्याला लागणारं मीठ त्याच्या अन्नात असतं. आपल्या जिभेला ‘बेताचं’ लागणारं मीठ त्याला जास्त होतं. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्याला तर फारच. सुपाची पाकिटं आणि मसाल्याच्या वड्या वापरूच नका, त्यांत मीठ नि कांदा-लसणाची पावडर दोन्ही असतात. कुत्र्यासाठी म्हणून विकत मिळणाऱ्या बाटलीवरचंही बारीक अक्षर वाचा. ‘मसाले’ असा नुसता शब्द छापला असेल तर ती बाटली दुकानातच ठेवा.

मग करायचं कसं? गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा नि त्याची बायको आले, बरोबर ब्रुनो. तीस किलोचा लॅब्राडोर, आणि किल्लारीच्या उन्हात त्यानं पाकिटातल्या खाद्याकडं पाठ फिरवली. सूनबाई फोनवर बाटल्यांच्या किमती बघत होती. मी म्हटलं, बाई, ते बंद कर आणि कुकर काढ.

खाटकाकडून अर्धा किलो हाडं आणली, मानेची नि नळीची. “चरबी छाटून दे,” म्हणून सांगावं लागतं, नाहीतर आपल्याला चांगलं म्हणून तो मुद्दाम चरबी ठेवतो. घरी आल्यावर हाडं मोजली. हे सूनबाईला गमतीचं वाटलं. पण टाकताना मोजलेली हाडं काढताना मोजली की एखादं हाड भांड्यात राहिलं का ते कळतं. हाडं धुऊन कुकरमध्ये, वर चार बोटं येईल इतकं पाणी. मीठ नाही, तेल नाही, हळदसुद्धा नाही घातली तरी चालते. हवं तर एक गाजर नाहीतर दुधीचा तुकडा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण तास. घरच्यांचं मटण त्याच दिवशी करायचं असेल तर हीच वेळ. कुत्र्याचं पाणी आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात कांदा, लसूण, येसर, काय घालायचं ते घाला. उलट क्रमानं करता येत नाही. पळीही वेगळी ठेवा.

वाफ जिरल्यावर आधी चाळणीतून आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर जे राहिलं ते बोटानं चोळून सूनबाईला दाखवलं: मऊ भुग्यात सुईसारखे दोन कपचे. शिजलेलं हाड कुत्र्याला का द्यायचं नाही, ते त्या दोन कपच्यांनी तिला सांगितलं. शिजलं की हाड ठिसूळ होतं, चावताना टोकदार तुटतं. घशात अडकतं, आतड्याला भोक पाडतं. कोंबडीचं त्याहून वाईट. कुकरमध्ये भुगा होईपर्यंत शिजवलं तर चालेल का, असं विचारतात. बाहेरून भुगा झालेल्या हाडाच्या आत काय राहिलंय हे कोण बघणार? म्हणून नाहीच. हाडाला चिकटलेलं मांस हातानं चिवडून काढलं, ते ब्रुनोच्या भाकरीत गेलं. हाडं मोजली आणि परसात खोल खड्ड्यात पुरली. उकिरड्यावर टाकली तर आपलं कुत्रं वाचेल आणि गल्लीतलं मरेल.

पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीची पांढरी जाड चकती धरलेली होती. कडेनं चमचा फिरवला की ती अख्खी उचलून येते. खाली होतं ते फिकट, थलथलीत, हलवलं की थरथरणारं. तेच ते पॅरिसचं जिलेटिन. सूनबाई म्हणाली, “मामा, ही चरबी ब्रुनोला घालू का? कोट चमकतो म्हणतात.” मी चकती कागदात गुंडाळून टाकली. एकदम भरपूर चरबी पोटात गेली की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग ते सारखं ओकतं, पोटाला हात लावू देत नाही, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करून उभं राहतं. हे दुखणं जीवघेणं असतं, आणि जाड कुत्र्यांत जास्त. कारवानीवाल्यांना वेगळा मोह होतो. त्या जातीच्या बरगड्या मुळातच दिसतात, पाहुणा आला की म्हणतो, “उपाशी ठेवलंय काय हो?” आणि मालक लाजेखातर तवंगाचा रस्सा पाजायला लागतो. कारवानीच्या बरगड्या दिसू द्याव्यात.

पहिल्या दिवशी ब्रुनोला दोन चमचेच, कोमट करून, खाद्यावर. कढत कधीच नाही. नवं काहीही चालू केलं की दोन-तीन दिवस शी बघायची. पातळ नाही झाली तर हळूहळू वाढवायचं. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धी वाटी पुष्कळ झाली, ब्रुनोएवढ्याला वाटीभर. शेरवा, बिस्किटं, लाडाचे तुकडे, सगळं मिळून रोजच्या खुराकाच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. साध्या पाण्याचं भांडं शेजारी भरलेलं हवंच, सावलीत.

राहिलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवलं; लागेल तसा खडा काढायचा. ट्रेवर खूण करा, नाहीतर पाहुण्याच्या सरबतात जातो. नुसत्या फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढं नको. लाइट जाऊन फ्रीज अर्धा दिवस बंद राहिला असेल तर वास न घेताच ओतून द्या; बिघडलेल्या मांसाच्या पाण्याला प्रत्येक वेळी वास येतोच असं नाही. ताटलीत उरलेला शेरवा मे महिन्यात तासाभराच्या वर राहू देऊ नये.

आमच्या गावात लिंगायतांची नि माळकऱ्यांची घरं पुष्कळ. घरात मांस शिजत नाही, पण कुत्रं आहे. त्यांचा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर त्यांच्याच चुलीवर असतं. पुरणाची डाळ शिजवून निथळून काढलेलं येळवणी, गूळ पडायच्या आणि आमटीची फोडणी बसायच्या आधीचं, भाकरीवर घालायला उत्तम; हरभऱ्यानं वारा धरतो म्हणून चार चमचेच. एरवी बिनमिठाचं तुरीचं वरण पातळ करून, नाहीतर दुधी उकडलेलं पाणी. ताक सोसत असेल तर तेही, मीठ न घालता. या पाण्यांत मांसाचा वास नाही, पण भुकेल्या कुत्र्याला भिजलेली गरम भाकरी पुरेशी वाटते.

काही कुत्र्यांना कुठलाच शेरवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका: मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं दुखणं असलेलं, पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेलं, आणि अजून आईचं दूध पिणारं पिल्लू. लस न टोचलेलं पिल्लू ओकायला लागलं, घाण वासाची रक्ताची हगवण लागली, तर तो पार्व्हो असू शकतो. तिथं शेरव्याची वाटी घेऊन बसणं म्हणजे सलाइनची वेळ घालवणं. मोठं कुत्रंसुद्धा दिवसभराहून जास्त अन्नाला तोंड लावत नसेल तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, ताप बघून घ्या.

आणि कुत्र्यानं तुमच्या नकळत कांद्याचा रस्सा चाटलाच, तर आमच्याकडं पहिला हात मिठाच्या बरणीकडं जातो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची. ते करू नका. त्या मिठानंच कुत्र्याच्या मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. फोन उचला. डॉक्टरांना कुत्र्याचं वजन सांगा, रश्शात अंदाजे किती कांदे-लसूण होता ते सांगा, आणि खाऊन किती वेळ झाला ते सांगा. ओकारी काढायची का, हे ते ठरवतील, आणि तेही पहिल्या एक-दोन तासांतच उपयोगाचं असतं. पुढं आठवडाभर रोज सकाळी उजेडात नेऊन ओठ वर करून हिरड्या बघा, आणि लघवीला जाईल तेव्हा मागं जाऊन रंग बघा. हिरड्या फिक्या वाटल्या किंवा लघवी गडद दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता गाडी काढा. किल्लारीहून निघताना गाडीत एका कागदावर त्या दिवशीचा स्वयंपाक लिहून घ्या. दवाखान्यात पोचल्यावर घाईत निम्मं आठवत नाही.